जुने दप्तर लावायचे तर नोंद आधी, निवड शेवटी

वाचनालयाची, शिक्षणसंस्थेची किंवा देवस्थानाची शताब्दी जवळ आली की माळ्यावरची कपाटे उघडली जातात. एखादा उत्साही विश्वस्त 'महत्त्वाचे' कागद बाजूला काढतो: पुढाऱ्याचे पत्र, कलेक्टरची सही, उद्घाटनाचा फोटो. ते स्मरणिकेत छापून येतात. उरलेले पोत्यांत भरले जाते आणि पोती रद्दीत जातात. पुढे कोणी विचारले, की हे पत्र कोणाला आले होते, उत्तर काय गेले, त्यावर सभेत ठराव झाला का, तर ते सांगणारी आवक-जावक वही पोत्याबरोबर गेलेली असते.

खाली दिलेली पद्धत अशा संस्थांसाठी आणि खासगी दप्तर बाळगून असलेल्या घरांसाठी आहे. तिच्यातला एकेक नियम अभिलेखपालांच्या, म्हणजे जुनी दप्तरे सांभाळणाऱ्यांच्या, तीन-चार पिढ्यांनी कामातून ठरवला आहे. म्हणून कोणता नियम कुठून आला, हेही जाता जाता सांगितले आहे. कारण माहीत असले की नियम मोडण्याचा मोह कमी होतो.

हा व्यवसाय उभा कसा राहिला

आपल्याकडे मध्यवर्ती अभिलेखागाराची कल्पना निघाली ती जागेच्या टंचाईतून, इतिहासप्रेम नंतरचे. १८६० मध्ये सँडमन या सिव्हिल ऑडिटरने अहवालात लिहिले, की कचेऱ्या कागदांनी तुंबल्या आहेत, किरकोळ कागद नष्ट करावेत आणि मोलाचे एका मोठ्या मध्यवर्ती संग्रहात हलवावेत. प्रत्यक्ष खाते निघायला ११ मार्च १८९१ उजाडला. कलकत्त्यातल्या त्या 'इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट'चे पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक. मुंबई सरकारच्या दप्तरावरच्या कामाने त्यांचे नाव झाले होते. राजधानी दिल्लीला गेल्यावर हे खातेही तिकडे गेले आणि १९२६ मध्ये आजच्या जनपथावरच्या इमारतीत आले. आजचे राष्ट्रीय अभिलेखागार ते हेच.

फॉरेस्ट आणि त्यांच्यानंतरचे बरेच प्रमुख मुळात विद्वान होते. निवडक कागद संपादून छापणे हेच त्यांना खरे काम वाटे. महाराष्ट्रातही तसेच झाले. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. ही कामे झाली नसती तर मराठ्यांचा इतिहास आज लिहिताच आला नसता. पण निवड करणे हे संशोधकाचे काम आहे. तो त्याच्या प्रश्नापुरते कागद उचलतो, आणि पुढच्या पिढीचे प्रश्न वेगळे असतात.

दप्तर सांभाळणे हा स्वतंत्र पेशा झाला तो १९३९ मध्ये सुरेंद्रनाथ सेन प्रमुख झाल्यानंतर. सेन कलकत्ता विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. मराठ्यांचा राज्यकारभार आणि लष्कर हे त्यांचे अभ्यासाचे विषय, आणि सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर त्यांनी १९२० मध्येच केले होते. म्हणजे दप्तर वापरणाऱ्याला काय अडते, हे त्यांना आतून ठाऊक होते. १९४० मध्ये कागदाच्या जतनासाठी प्रयोगशाळा निघाली, १९४१ मध्ये दप्तर राखण्याचे प्रशिक्षण सुरू झाले, संशोधकांना कागद पाहायला मिळू लागले, आणि १९४७ मध्ये व्यवसायाचे स्वतःचे नियतकालिक निघाले. यादी, जतन, प्रशिक्षण आणि खुले दार: संस्थेच्या दोन कपाटांनाही यापेक्षा वेगळे काही लागत नाही.

काही हलवण्याआधी

पहिल्या दिवशी कागदाला हात लावायचा नाही. प्रत्येक कपाटाचा, खणाचा, माळ्यावरच्या पेटीचा फोटो घ्या. आधी पूर्ण कपाट दिसेल असा, मग एकेका खणाचा. कपाटांना अ, ब, क, खणांना वरून खाली १, २, ३ आणि खणातल्या गठ्ठ्यांना डावीकडून उजवीकडे क्रमांक द्या. 'ब-३-७' म्हणजे ब कपाट, तिसरा खण, सातवा गठ्ठा. हा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून गठ्ठ्यात खोचा. चिकटवू नका, आणि बॉलपेन किंवा मार्कर तर त्या खोलीतच नको. जमिनीवर पडलेला ढीग असेल तर त्यालाही 'जमीन-१' असा पत्ता द्या आणि वरून खाली त्याच क्रमाने उचला.

इतका खटाटोप कशासाठी? कागद कुठे आणि कशाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. सही-तारीख नसलेला हिशोबाचा तुकडा १९३४ च्या वहीत सापडला तर त्याचा काळ जवळजवळ ठरतो. तोच तुकडा 'किरकोळ हिशोब' नावाच्या नव्या फाइलीत गेला की मुका होतो.

हे तत्त्व युरोपात दोन टप्प्यांत पक्के झाले. १८४१ मध्ये फ्रान्समध्ये परिपत्रक निघाले, की एका कचेरीचे किंवा घराण्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत. १८९८ मध्ये म्यूलर, फेइथ आणि फ्रॉइन या तीन डच अभिलेखपालांनी त्यात भर घातली, की त्या कागदांचा आतला मूळ क्रमही मोडू नये. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी व्यवहारात आधीपासून होत्या. पुण्याच्या हुजूर दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीत, चालते दप्तर (चालू कामाचे) आणि एकबेरीज दप्तर (एकत्र केलेल्या हिशोबांचे) वेगळे असे, आणि चालत्या दप्तराच्या आत फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा असत. आजही पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या कागदाचा संदर्भ देताना दप्तराचे नाव आणि रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचा, क्रमांक द्यावा लागतो. नुसत्या विषयावरून कागद हाती येत नाही.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. इतिहासकार दियोगु द कौतु हे पहिले दप्तरप्रमुख. तिथला मुख्य संग्रह 'मॉन्सून बुके' म्हणून ओळखला जातो, कारण लिस्बनचा पत्रव्यवहार वाऱ्यांच्या हिशोबाने ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर चाले आणि त्याच क्रमाने बांधला जाई. पांडुरंग पिसुर्लेकर १९३१ पासून या अभिलेखागाराचे प्रमुख होते. १९५५ मध्ये त्यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या दप्तरांची वाटाडी सूची काढली, तेव्हा आहे त्या मालिकांचेच वर्णन केले. विषयवार नवी मांडणी केली नाही. म्हणून एका वर्षी कोणता प्रश्न गेला आणि उत्तर कधी आले, हे अजून शोधता येते. विषयवार लावले असते तर प्रश्न 'मराठे' या कप्प्यात आणि उत्तर 'आरमार' या कप्प्यात जाऊन पडले असते.

ढोबळ यादी

आता गठ्ठे एकेक करून टेबलावर घ्या, पण उलगडून वाचत बसू नका. एका गठ्ठ्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये रकाने: पत्ता, वरचे मूळ शीर्षक जसेच्या तसे, कोणी तयार केले (कार्यवाह, खजिनदार, मुख्याध्यापक), सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, अंदाजे जाडी सेंटिमीटरमध्ये, लिपी, स्थिती. स्थितीला तीनच खुणा पुरे: ठीक, जपून, हात लावू नये.

जाडी मोजायला विसरू नका. सगळ्यांची बेरीज केली की एकूण किती मीटर दप्तर आहे ते कळते, आणि किती रॅक, किती खोके, किती पैसे हे त्यावरच ठरते. 'दोन कपाटे भरून' या वर्णनावर कोणीही अनुदान देत नाही.

लोक इथेच सर्वाधिक घसरतात. एखादे सुंदर पत्र हाती लागते, वाचन सुरू होते, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातात, आणि यादी 'ब' कपाटावर थांबते ती कायमची. असे पत्र दिसले तर त्याच्या पानाशी पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा, शेऱ्यात लिहा आणि पुढे चला.

बुरशी आणि कीड

यादी करतानाच आजारी गठ्ठे वेगळे काढावे लागतात. मूळ क्रमाला तेवढा एकच अपवाद. त्यांच्या जागी 'हलवले, कुठे, तारीख' अशी चिठ्ठी ठेवा.

बुरशी ओली असेल तर बोट लावल्यावर पसरते. तो गठ्ठा आधी हवेशीर, सावलीच्या खोलीत पंख्याखाली सुकवा; पंख्याचा झोत थेट कागदावर नको. उन्हात टाकू नका, कागद कडक होतो आणि शाई उडते. सुकल्यावर बुरशीची भुकटी होते. मग एन-९५ मुखपट्टी आणि नायट्रिलचे हातमोजे घालून, शक्यतो उघड्यावर, मऊ ब्रशने ती झाडा. दमा असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

कसर आणि कागदातली अळी यांना सर्वांत सुरक्षित उपाय थंडीचा. गठ्ठा जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवा. घरगुती डीप फ्रीझर उणे १८ च्या आसपास राहतो, म्हणून त्यात दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर हवेतले पाणी थंड कागदावर जमते आणि केलेल्या कामावर अक्षरशः पाणी पडते. काचेच्या निगेटिव्ह आणि जुने फोटो यांना हा उपाय करू नये. थंडीने किडा मरतो, बुरशीचे बीज मरत नाही, हेही लक्षात ठेवा.

डांबरगोळ्यांचा उपयोग थोडा आणि वास कायमचा. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची जुनी पद्धत निरुपद्रवी आहे. वेखंड खडखडीत वाळलेले असावे आणि कागदाला लागू नये. कडुलिंबाचा ओला पाला मात्र नको, तो ओलावाच घेऊन येतो. वाळवी दिसली तर कागदावर औषध मारायचे नाही. तिचा मार्ग भिंतीतून किंवा जमिनीतून असतो आणि इलाज तिथे करायचा. कपाट भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे ओढले की निम्मे काम होते.

साफसफाई, टाचण्या आणि 'दुरुस्ती'चा मोह

शेळीच्या केसांचा मऊ ब्रश घ्या आणि पानाच्या मध्यापासून कडेकडे झाडा. हात धुऊन कोरडे केलेले असावेत. सुती हातमोज्यांनी बोटांना अंदाज राहत नाही आणि कुजकी कड फाटते. गंजलेली टाचणी ओढून काढू नका. तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, गंजाचा धरलेला भाग बोथट पात्याने हळू सुटा करा, मग टाचणी वर उचला. टाचणीने जोडलेली पाने एकत्र होती ही माहिती जाऊ नये म्हणून ती दुमडलेल्या आम्लरहित कागदात एकत्र ठेवा.

कागद ओळखायला शिका. दौलताबादी, जुन्नरी असा चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा गिरणीचा, लाकडाच्या लगद्याचा कागद शंभर वर्षांत पापडासारखा मोडतो, कारण त्यात आम्ल तयार होत राहते. त्यामुळे संस्थेच्या दप्तरात बहुधा १८७० ची सनद धडधाकट असते आणि १९४३ ची इतिवृत्ताची वही हातात तुटते. लक्ष आधी १९४३ च्या वहीकडे द्या.

शाईचेही तसेच आहे. काजळीची काळी शाई टिकते, पण पाणी लागले की काही वेळा पसरते. लोहाची शाई पुढे तपकिरी होते आणि कागद जाळत जाते. अक्षराच्या जागी भोके दिसतात ती त्यामुळे. म्हणून कोणतेही ओले काम करण्याआधी एका अक्षराच्या कडेला पाण्याचा बारीक थेंब ठेवा, अर्ध्या मिनिटाने टीपकागद दाबा. रंग उतरला तर तिथेच थांबा.

साधी फाट घरी सांधता येते. त्यासाठी गव्हाचे सत्त्व लागते; मैदा चालत नाही, मैद्यातल्या चिकट प्रथिनावर कीड येते. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, तासभर भिजत ठेवा. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवा, पूर्ण गार करा, बारीक चाळणीतून दोनदा गाळा. वापरताना पाणी घालून पातळ करा. चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाच्या जपानी टिश्यूची पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशची रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. फाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर पट्टी जाईल एवढीच रुंदी. वर-खाली चिकट न धरणारे पॉलिएस्टरचे पातळ कापड, मग टीपकागद, मग काच आणि वजन. पहिला टीपकागद दहा मिनिटांनी बदला, नाहीतर पान लाटेसारखे वाळते. खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. वास आला की फेका.

बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालतात. कीड लागत नाही हे खरे, पण तांब्यामुळे कागद जलद जळतो. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याशी पाने तपकिरी पडलेली दिसतात, त्याचे हे एक कारण. बाइंडरला काम द्याल तर 'मोरचूद नको, कडा कापायच्या नाहीत' हे लेखी द्या. कडा 'साफ' करताना समासातल्या नोंदी उडालेल्या असंख्य वह्या आहेत.

पारदर्शक चिकटपट्टी आणि झेरॉक्सच्या दुकानातले लॅमिनेशन यांना पूर्ण बंदी. पट्टीचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग सोडतो. लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेने प्लॅस्टिकमध्ये कोंडला जातो आणि पुन्हा सुखरूप बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते. कितीतरी घरांतल्या सनदा 'सुरक्षित' करण्याच्या नादात अशा कायमच्या अडकल्या आहेत.

याबाबत व्यवसायाचाही धडा आहे. दिल्लीच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात एक स्वस्त पद्धत तयार झाली. कागदावर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पापुद्रा आणि वर टिश्यू ठेवायचा, अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचा, की पापुद्रा विरघळून कागदात बसतो. महागड्या गरम दाबयंत्राची गरज उरली नाही, आणि जिथे वीज-यंत्रांची वानवा तिथे ती उपयोगी पडली. याच प्रयोगशाळेतले यशपाल काठपालिया यांनी १९७३ मध्ये युनेस्कोसाठी जतनाची मार्गदर्शिका लिहिली. पुढे कळत गेले, की अ‍ॅसिटेट स्वतःच कालांतराने खराब होतो. आता कल पुन्हा टिश्यू आणि खळीकडे आहे, कारण केलेले काम पाण्याने परत सोडवता येते. सोडवता येणार नाही असे काहीही कागदाला करू नये, हा नियम त्यातून पक्का झाला. आम्ल काढणे, लोहशाईने जळालेली पाने, चिकटून वीट झालेल्या वह्या हे प्रशिक्षित माणसाचे काम. तोवर नुसते खोक्यात ठेवून द्या.

क्रमांक आणि नोंद

साफ झालेल्या प्रत्येक पानाला मागच्या बाजूस खालच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने क्रमांक घाला. कोरी पानेही मोजा. मूळ पृष्ठांक असतील तर ते खोडू नका; तुमचा क्रमांक चौकटी कंसात लिहा.

आता खरी नोंद. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या वर्णनमानकात २६ बाबी आहेत, पण त्यांतल्या सहा आवश्यक: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, व्याप आणि वर्णनाची पातळी, म्हणजे ही नोंद पूर्ण संग्रहाची आहे, मालिकेची की एका फाइलीची. नमुना असा:

संदर्भ: वाच/२/१४. पातळी: फाइल. शीर्षक: कार्यकारी मंडळाचे इतिवृत्त. निर्माता: कार्यवाह. काळ: एप्रिल १९३१ ते मार्च १९३८. व्याप: १ वही, २१२ पाने (४५ ते ४८ नाहीत). शेरा: पान ९० पासून कड मोडते; मूळ जागा ब-३-७.

मूळ जागा शेऱ्यात राहिलीच पाहिजे. नोंद वरून खाली करा: आधी पूर्ण संग्रहाचे एक पान, मग मालिका, मग फाइली. सुट्या पत्रांपर्यंत जाणे फार थोड्या दप्तरांना परवडते. 'मोडी कागद' हे शीर्षक म्हणजे काहीच न सांगणे. वाचता येत नसेल तर पानांची संख्या, शिक्के, वाचता येणारी नावे एवढे तरी लिहा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी वाचनाचे वर्ग होतात. संस्थेतला एक तरुण माणूस तिकडे पाठवणे हा सर्वांत स्वस्त खर्च आहे.

जुन्या कागदांवरच्या तारखा बदलताना गोंधळ ठरलेला. शालिवाहन शकात ७८ मिळवा. जानेवारी ते साधारण मार्च-एप्रिलपर्यंतच्या तिथींना ७९. मराठी कागदांतले शुहूर सन अरबी शब्दांत असते आणि ते मृगाला, म्हणजे मे-जूनच्या संधीला, सुरू होते. त्यात वर्षाच्या पहिल्या भागाला ५९९ आणि जानेवारीनंतरच्या भागाला ६०० मिळवायचे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हे सन १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत चालते. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे, म्हणून ११६१ अधिक ६००. शके १६८२ अधिक ७९ केले तरी १७६१ च येते. दोन्हीकडून ताळा जुळला तरच तारीख लिहा. 'छ ७ जमादिलाखर' यातला 'छ' चंद्रतिथी दाखवतो, आणि पुष्कळ पत्रांत वर्ष नसतेच. मजकुरावरून वर्ष ठरवले असेल तर ते चौकटी कंसात घाला, आणि मूळ तारीख जशी आहे तशी शेजारी राहू द्या. तुमचा तर्क उद्या चुकीचा निघू शकतो.

काय काढून टाकायचे

इतके झाल्यावरच निवडीची वेळ येते. ब्रिटनचे हिलरी जेंकिन्सन म्हणत, की अभिलेखपालाने निवड करूच नये, आले ते अखंड ताब्यात राखावे. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदांचे डोंगर झाले तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले थिओडोर शेलनबर्ग यांनी उलट बाजू मांडली: कागदाने त्याचे मूळ काम संपवल्यावर त्यातून संस्था कशी चालली हे कळते का, आणि माणसे-घटनांची माहिती मिळते का, हे तपासून ठरवावे. छोट्या संस्थेला शेलनबर्ग जवळचे, पण हात जेंकिन्सनइतका आखडता असावा.

घटना व नोंदणीपत्र, इतिवृत्ते, जमीन-इमारतीचे कागद, मुख्य खातेवह्या, आवक-जावक, हजेरी आणि नोकरपत्रके कायम. व्हाउचर आणि पावतीपुस्तके एवढीच बहुधा काढता येतात. तीही हिशोबतपासणी, न्यायालयीन प्रकरण आणि कायद्याची मुदत पाहून, आणि नमुन्यादाखल दर दहा वर्षांतले एक पूर्ण वर्ष ठेवून. नाश करायच्या कागदांची यादी सभेपुढे ठेवा, ठराव करा, यादी कायम दप्तरात लावा. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना सहा गठ्ठा पद्धत आणि 'ड' वर्ग (लवकर नाश करायचे कागद) आठवेल. तिथेही नाशाचा गठ्ठा वेगळा आणि नोंद केलेला असतो.

कपाटात ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे किंवा इतर सरकारी कागद निघाले तर ते तुमचे नाहीत. केंद्राच्या कागदांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू आहे. त्यानुसार १८९२ पूर्वीचा कागद नष्ट करता येत नाही (अभिलेख म्हणून वापरताच येणार नाही इतका खराब झाला असेल तेव्हाच, तेही महासंचालकांच्या किंवा अभिलेखागाराच्या प्रमुखांच्या मताने), आणि बेकायदा नाशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा. अशा कागदांची यादी करून संबंधित कार्यालयाला लेखी कळवा.

ठेवायचे कसे

आम्लरहित खोके परवडत नसतील तर मांजरपाटाचा रुमाल उत्तम. कापड दोनदा धुऊन त्यातली खळ पूर्ण काढा, ती कसरीचे खाद्य आहे. लाल बासनाचा रंग ओल लागल्यावर कागदावर उतरतो, म्हणून कोरे पांढरेच घ्या. गठ्ठा १२ ते १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. वर-खाली आम्लरहित पुठ्ठा, रुंद सुती नाडी, गाठ कडेला. घट्ट आवळला की कडा कापल्या जातात.

लोखंडी रॅकचा तळखण जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर असावा. गच्चीवरच्या टाकीखाली किंवा स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून दप्तर नको. पुस्तकात तापमान २२ ते २५ अंश आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के सांगतात. रत्नागिरीत जुलैमध्ये ते साधणार नाही. आर्द्रतामापक आणून रोज दोनदा आकडा लिहा. ६५ च्या वर सलग राहू लागले की बुरशीची वेळ आली असे समजा आणि हवा खेळती ठेवा किंवा आर्द्रताशोषक यंत्र लावा. फक्त कचेरीच्या वेळात एसी चालवणे सर्वांत वाईट, कारण रात्री भिंतींना घाम सुटतो. आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे दाराबाहेर ठेवा आणि खोलीचा मेन स्विच रोज बंद करा. कागद भिजलेच तर ४८ तासांत सुकवायला घ्या. जमत नसेल तर पिशवीत भरून गोठवा आणि थोडे थोडे काढून सुकवा.

स्कॅनिंग

ते शेवटी. आधी केले तर क्रमांक नसलेल्या हजारो चित्रांचा नवा ढीग तयार होतो. ४०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल, शेजारी मोजपट्टी. ए-४ चे एक पान सुमारे ४६ एमबी होते, म्हणजे दहा हजार पानांना साडेचारशे जीबीच्या पुढे जागा लागते. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. फाइलीचे नाव म्हणजे तुमचा संदर्भ क्रमांकच असावा. बांधील वही सपाट स्कॅनरवर दाबून धरू नका. वरून फोटो घेणारा स्टँड वापरा. दर वर्षी डिस्क उघडून तपासा आणि पाचेक वर्षांनी बदला.

माणसे

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख अध्ययन विद्यालयात एक वर्षाची पदविका आणि जतन, अभिलेख व्यवस्थापन, प्रतिलिपीकरण यांचे काही आठवड्यांचे वर्ग असतात. पगारी माणूस नसला तरी एका कार्यकर्त्याला जतनाच्या छोट्या वर्गाला पाठवा, आणि ज्याला पाठवाल त्याच्याकडेच किल्ली द्या.

वाचकाला एका वेळी एकच गठ्ठा, फक्त पेन्सिल, आणि देताना-घेताना दोघांनी मिळून पाने मोजायची. मागणीचिठ्ठीची एक प्रत गठ्ठ्याच्या जागी खोचलेली राहील. नोकरपत्रके, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, वैद्यकीय दाखले असे कागद किती वर्षांनी खुले करायचे, हे मंडळाने ठरावाने आधी ठरवावे; मागणी आल्यावर ठरवले की ओळखीच्याला मिळते आणि परक्याला मिळत नाही. कार्यकारी मंडळ बदलते तेव्हा किल्ल्या, जागावही (कोणता गठ्ठा कुठे आहे ती वही), नोंदसूची आणि डिस्कचे पासवर्ड यांची ताबापावती करावी, दोन्ही कार्यवाहांच्या सह्यांनिशी, आणि तिची एक प्रत त्या वर्षीच्या इतिवृत्ताला जोडावी.